जिवंताला एकच

"टोपी काढायची बरं का," हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरत गेसुनताई म्हणाली. "छापलंय इथं. नमस्कार करताना टोपी काढावी, तोंडावरचं फडकं काढावं, चेहरा नीट दिसावा. बघ बाबा, म्हातारपणी का होईना, आपल्या चेहऱ्याला मागणी आली."

ब्योंगहो गवत कापायच्या कटरची दोरी ओढत होता. तीनदा ओढली तरी इंजिन नुसतं खोकलं, चौथ्यांदा सुरू झालं, आणि मग बोलण्यासारखं काही उरलंच नाही. त्यालाही तेच हवं होतं. त्यानं टोपी आणखी खाली ओढली आणि वरच्या अंगाच्या पहिल्या कबरीपासून गवत कापायला घेतलं.

छुसकच्या, म्हणजे सुगीच्या पौर्णिमेच्या सणाला दहा दिवस राहिले की आमच्या सगळ्या डोंगरांवर ही घरघर चालू होते. सणाच्या आत वाडवडिलांच्या कबरींवरचं गवत कापून त्या स्वच्छ व्हायलाच हव्यात. पूर्वी घरचीच माणसं विळे घेऊन यायची, भांडत भांडत गवत कापायची, खाऊनपिऊन परत जायची. आता मुलं शहरात, नातवंडं परदेशात, आणि डोंगर तिथल्या तिथंच. म्हणून आमच्यासारख्यांची संस्था निघाली. माणसं पाठवायची, गवत कापायचं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आणि ज्याला हवं असेल त्याच्यासाठी वरचं कामही करायचं: दारूचा पेला ठेवायचा, सुका मासा आणि नाशपाती मांडायची, आणि घरच्यांच्या वतीनं डोकं टेकून नमस्कार करायचा. घरचे तिकडे फोनवर बघत असतात. कुणी हसतं या प्रकाराला, कुणी चिडतं. पण मागणी दरवर्षी वाढतेच आहे.

ब्योंगहो या कामावर अकरा वर्षं होता. वय छप्पन, दोन्ही गुडघे गेलेले. त्यानं आजवर परक्यांच्या शेकडो बापांपुढं डोकं टेकलं होतं आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. काम ते काम. पण गेल्या सोमवारी संस्थेतल्या बाईनं चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा त्याच्या हातात आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: सानचोंग, वरचा डोंगर, ह्वांग जोंगमान यांचं घराणं, सहा कबरी, नमस्कारासह, फोनवर थेट.

ह्वांग जोंगमान म्हणजे त्याचा बाप.

चिठ्ठी बदलून मागता आली असती. गुडघ्याचं निमित्त होतंच. पण त्यानं ती घडी करून खिशात घातली आणि चार दिवस तशीच बाळगली. त्या चार दिवसांत त्याला नीट झोप लागली नाही. बाप ओळखेल याची भीती होती. ओळखणार नाही याची त्याहून जास्त होती.

डेगू शहरात निळ्या पट्ट्याच्या जेवढ्या बसगाड्या फिरतात तेवढ्या सगळ्या ह्वांग जोंगमानच्या. ब्योंगहो तरुणपणी त्या शहरात कामाला होता तेव्हा रोज त्याच बसमध्ये, दांड्याला लोंबकळत, तिकीट काढून जायचा. ड्रायव्हरला काय ठाऊक मालकाचा थोरला मुलगा मागच्या दाराशी उभा आहे. आई तो सहा वर्षांचा असताना गेली. बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, नव्या बायकोला दोन मुलगे झाले, आणि ब्योंगहोला आईच्या आईकडे ठेवलं. आजी बाजारात टोफू विकायची. बाप श्रीमंत होत गेला आणि आजीचं टोफूचं पातेलं तेवढंच राहिलं. वर्षातून एकदा मात्र, नव्या वर्षाच्या सकाळी, बापाची गाडी यायची आणि पोराला मोठ्या घरी घेऊन जायची.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: मेलेल्याला दोनदा डोकं टेकायचं, जिवंताला एकदा. नव्या वर्षाच्या सकाळी दोन्ही करावं लागतं. आधी पूर्वजांचं ताट मांडतात, त्यापुढं घरातले पुरुष ओळीनं दोन-दोन नमस्कार करतात. ते आवरलं की घरातली मोठी माणसं गादीवर बसतात आणि लहान येऊन त्यांना एक-एक करतात. आजीनं आदल्या दिवशी दहा वेळा करून घेतलं होतं. उजवा हात वर की डावा, कपाळ किती खाली, उठताना कुठला पाय आधी. "तुझा बाप बघेल," ती म्हणायची. "नीट केलंस तर तुला जवळ घेईल."

त्या वर्षी तो अकरा वर्षांचा होता. ताटापुढं पणजोबांना दोन, पणजीला दोन, आजोबांना दोन, बापाच्या आईला दोन असं करून अंगात तेच भिनलं होतं. त्यात बापाची नजर रोखलेली. बाप रेशमी अंगरखा घालून गादीवर बसलेला. पोरानं एकदा डोकं टेकलं, उठला, आणि भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, पुन्हा टेकलं.

सावत्र आईनं तोंडावर हात ठेवला. सणाच्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांसमोर, पहिल्या बायकोच्या मुलानं बापाला मेलेल्याचा नमस्कार केला होता. बाप ओरडला असता तरी बरं होतं. तो नुसता उठून आतल्या खोलीत गेला. दुपारी जेवायच्या आधीच गाडीनं पोराला आजीकडे सोडलं. पुढच्या नव्या वर्षाला पोरगं नवे मोजे घालून दारात उभं होतं, पण गाडी आली नाही. नंतरही कधी आली नाही.

त्याच्या लग्नाला बाप आला नाही, बापाकडून तिवईवर उभा केलेला फुलांचा मोठा हार आला. दारातून आत जाईना एवढा उंच. त्यावरच्या फितीवर बस कंपनीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, अध्यक्ष. दुसरं काही नाही. बायको म्हणाली, फुलं तरी छान आहेत. ती फुलं तीन दिवस टिकली.

दहा वाजेपर्यंत पाच कबरी झाल्या. पणजोबा-पणजी, आजोबा-आजी, आणि चार वर्षांपूर्वी गेलेली सावत्र आई. सहावी तिच्याच शेजारी होती, तेवढीच गोल, तेवढीच उंच, पण आत कुणी नव्हतं. पैसेवाले लोक जिवंतपणीच आपली जागा करून ठेवतात, त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. पुढं काळा चकचकीत दगड उभा होता. त्यावर बापाचं नाव, खाली मुलांची नावं. दोन नावं होती. ब्योंगहोनं ती वाचली नाही, कारण ती त्याला पाठ होती.

सहावीही कापून झाल्यावर तो कटर खांद्याला लावून खाली अक्रोडाच्या झाडाकडे निघाला.

"ए, तिकडे कुठं?" वरून गेसुनताई म्हणाली. "कागदात स्पष्ट लिहिलंय, वरच्या सहा. खालची एक आहे ती सोडावी. तुझ्या अंगात फार जोर आलाय का?"

"होईल दहा मिनिटांत," तो म्हणाला.

गेसुनताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर ती संस्थेची गाडी चालवायची, फोटो काढायची, गवत ओढायची आणि तिन्ही कामं करताना तोंड चालू ठेवायची. सात वर्षं ती त्याच्याबरोबर डोंगर चढत होती, आणि या माणसाला बायको आहे, एक मुलगी दवाखान्यात नर्स आहे आणि याला काकडीचं लोणचं आवडत नाही, यापलीकडे तिला त्याची काही माहिती नव्हती. ती बडबडत दाताळं घेऊन खाली आली. बघते तर खालच्या कबरीला कापण्यासारखं फारसं गवतच नव्हतं. कुणीतरी महिन्याभरापूर्वीच येऊन कापून गेलं होतं. पुढं गुडघ्याएवढा साधा दगड. ती वाकली आणि तिनं वाचलं. बाईचं नाव, आणि खाली, मुलगा ब्योंगहो.

ती सरळ झाली. दाताळ्यावर दोन्ही हात ठेवले. गेसुनताई गप्प उभी आहे हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं.

"म्हणजे वरचा तो," ती हळू म्हणाली, "रिकामी जागा करून ठेवलेला. तो तुझा..."

"हो."

"आणि आता फोनवर तोच बघणार?"

"हो."

"आणि तू नोकरमाणूस म्हणून त्याच्या वतीनं तुझ्याच आज्याला नमस्कार करणार." तिला हसावं की रडावं कळेना. मग ती चिडली. चिडणं तिला सोपं जायचं. म्हणाली, मी करते नमस्कार, तू फोन धर. बाई माणूस असलं म्हणून काय झालं. नाहीतर सरळ सांगून टाकू, काका, हा बघा तुमचा मुलगा, तुमच्या दगडावर याचं नाव नाही, पण तुमचं गवत यानं कापलंय. ब्योंगहोनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं आईपुढं एक पेला ओतला, टोपी काढली, दोनदा डोकं टेकलं आणि गुडघ्यावर हात दाबून उठला. मग म्हणाला, "चल, अकरा वाजतील."

फोन अकराला पाच मिनिटं कमी असतानाच वाजला. मालकाचा मॅनेजर, मेंग म्हणून. पन्नास वर्षं त्याच घरी. हाच पूर्वी गाडी घेऊन यायचा. त्याचा आवाज म्हातारा झाला होता, पण ब्योंगहोनं तो ओळखला. मेंगनं सांगितलं की साहेब दवाखान्यात आहेत, बोलायला त्रास होतो, गेल्या वर्षीपर्यंत स्वतः यायचे, खुर्ची टाकून बसायचे. मुलं परदेशात आहेत. तेव्हा जरा नीट करा, घाई नको, हे बहुधा शेवटचं आहे. शेवटचं वाक्य त्यानं आवाज खाली करून सांगितलं.

गेसुनताईनं फोन ब्योंगहोवर रोखून धरला. त्यामुळं झालं असं की बापाला मुलगा दिसत होता, गेसुनताईला बाप दिसत होता, आणि ब्योंगहोला फक्त फोनची काळी पाठ. त्यानं टोपी काढली. फडकं काढलं. कपाळावर टोपीची लाल रेघ उमटली होती. चेहरा नीट दिसावा असं छापलं होतं, म्हणून तो फोनकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. जरुरीपेक्षा जरा जास्तच.

फोनमध्ये लांब कुठंतरी दवाखान्यातलं एक यंत्र फक्त टिकटिक करत होतं.

त्यानं सुरुवात केली. पणजोबांपुढं पेला ठेवला, नियमाप्रमाणं मोठ्यानं म्हणाला की वंशज ह्वांग जोंगमान आजारी असल्यामुळं येऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीनं हा नमस्कार. दोनदा डोकं टेकलं. मग पणजी, मग आजोबा, मग आजी. प्रत्येक वेळी उठताना डावा गुडघा कटकन वाजायचा. सावत्र आईपुढं त्यानं दारू नीट काठापर्यंत भरली. त्या बाईबद्दल आता राग राहिला नव्हता. राग धरायलाही अंगात काही लागतं. सकाळपासून सात कबरी कापल्यावर ते उरत नाही. दहा वेळा खाली, दहा वेळा वर. शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं," मेंग म्हणाला. "छान झालं. सहावी रिकामी आहे, तिथं काही करायचं नाही. साहेब, झालं हं."

तेवढ्यात दुसरा आवाज आला. कोरडा, फाटलेला, पण हुकूम देण्याची सवय असलेला. "खालची दाखवा."

"साहेब, ती यादीत नाही. त्यांना सांगितलंय की..."

"दाखवा."

गेसुनताई फोन घेऊन उतारावर दहा पावलं गेली आणि अक्रोडाच्या झाडाकडे धरून उभी राहिली. गवत ताजं कापलेलं, चारी बाजूंनी दाताळं फिरवलेलं, पुढं पेला. ब्योंगहो वरच उभा होता. खाली काय बोलणं होतंय ते ऐकायला तो कान देत होता. फार वेळ तो पेला तिकडे दिसत राहिला असावा. मग गेसुनताई परत वर आली. तिचा चेहरा वेगळा दिसत होता.

आता फोन बंद होणार हे त्याला कळलं. एकदा बंद झाला की मग बापाची खबर पेपरातल्या काळ्या चौकटीतच वाचायची. त्यानं काही ठरवलं नव्हतं. तो सहाव्या कबरीकडे चालत गेला. पेला नेला नाही, मासा नेला नाही. काळ्या दगडापुढं उभा राहिला, कपडे झटकले, आजीनं शिकवलं होतं तसे हात एकावर एक ठेवले, खाली बसला आणि कपाळ गवताला टेकलं. या खेपेला तो बराच वेळ तसा राहिला. मग उठला. गुडघा वाजला. पुन्हा खाली गेला नाही. हात बांधून उभा राहिला.

"अहो, तिथं नको म्हटलं होतं ना," मेंग गडबडला. "आणि तेही एकच? माफ करा साहेब, या लोकांना..."

"गप्प बस," फाटका आवाज म्हणाला. मग थोडं थांबून, "एकच का?"

गेसुनताईनं फोन पुढं केला. ब्योंगहो फोनजवळ वाकला.

"जिवंत माणसाला एकच करतात, साहेब."

"कुणी शिकवलं?"

"आजीनं."

यंत्राची टिकटिक चालू होती. खाली रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली. फोनमधला श्वास वर-खाली होत होता, जिना चढून आलेल्या माणसासारखा.

"एका पोरानं मला दोनदा केला होता," म्हातारा म्हणाला. ब्योंगहोला नाही, मेंगलाही नाही, असाच. "सणाच्या दिवशी. लहान होतं ते." पुढचे शब्द यायला वेळ लागला. "चुकलं होतं त्याचं. मला तेव्हाच कळलं होतं, की चुकलंय."

ब्योंगहोनं खाली बघितलं. पंचेचाळीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की बापाला तो शाप वाटला, म्हणून गाडी आली नाही. आणि बापाला कळलं होतं. कळूनही आली नव्हती. याचं वाईट वाटावं की बरं, ते त्याला ठरवता येईना, आणि फार थकवा आला होता.

"मेंग."

"जी साहेब."

"पुढच्या वर्षी याच माणसाला पाठवायला सांग." आवाज आता अगदी बारीक झाला होता. "तेव्हा दोनदा करू दे त्याला."

फोन बंद झाला.

गेसुनताईनं तो पँटला पुसला आणि खिशात ठेवला. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग ती गवतावरच बसली आणि मक्कोल्लीची, तांदळाच्या दारूची, उरलेली बाटली मध्ये ठेवली. कबरीपुढचं उरलेलं वाटून खायचं असतं. त्यानं नाशपाती कापली, तिला मोठा तुकडा दिला. दोघांनी पेला संपवला.

"कसे दिसतात?" त्यानं विचारलं.

"कसे म्हणजे?" ती म्हणाली. "म्हातारे दिसतात. नाकात नळी. गाल आत गेलेत. कान मोठे आहेत, तुझ्यासारखे." थोडं थांबून तिनं सांगितलं, "तुझ्या आईची कबर दाखवली ना, तेव्हा त्यांनी हात वर केला होता. फोनला लावायला बघत होते. तो मेला मेंग, त्याला वाटलं फोन पडतोय, त्यानं बाजूला ओढला."

तो नाशपाती चघळत होता. ती गोड होती की नाही ते त्याला कळत नव्हतं. गेसुनताईनं त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि उगाच त्याला म्हणाली, की तुझा गुडघा एखाद्या दिवशी डोंगरावरच राहील, मग मीच तुझ्यावरचं गवत कापीन, आणि सांगून ठेवते, मी कटर वापरणार नाही, विळ्यानं कापीन, वाकडंतिकडं. तो हसला. हसताना त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

मग कामाचा कागद भरायचा राहिला होता. तो कागद संध्याकाळी डेगूला जाणार होता, त्याच्या बापाच्या हातात. गेसुनताईनं मांडीवर घेतला. तारीख, वेळ, कबरी सहा. तिनं सहा खोडून सात केलं आणि त्याच्याकडे बघितलं. शेवटची ओळ होती, काम करणाऱ्याचं नाव. अकरा वर्षं तो तिथं फक्त आडनाव लिहायला सांगायचा. ह्वांग, कामगार. आमच्याकडे ह्वांग ढिगानं आहेत, कुणाला काय कळतंय.

"नेहमीसारखंच ना?" पेन धरून तिनं विचारलं.

तो उठत होता. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. उठायला वेळ लागला.

"पूर्ण लिही," तो म्हणाला, आणि दाताळं घेऊन सहाव्या कबरीच्या मागचं राहिलेलं गवत ओढायला गेला.